आरागिरणीचा हजेरीपट

बल्लारपूरच्या डेपोतून लिलावात घेतलेला सागवानाचा ओंडका आरागिरणीच्या आवारात उतरतो, तेव्हा त्याच्याविषयी शासनाला जवळजवळ सगळे ठाऊक असते. त्याच्या कापलेल्या तोंडावर हातोड्याचा ठसा असतो, रंगाने लिहिलेला क्रमांक असतो, लांबी आणि गोलाई मोजून नोंदवलेली असते आणि त्याच्यासोबत वाहतूक पास, म्हणजे धंद्यातले सगळे ज्याला टी.पी. म्हणतात तो कागद, ट्रकमधून आलेला असतो. गिरणीत आल्यावर तो आवक रजिस्टरात चढतो, चिरला गेला की त्यातून किती माल निघाला हे लिहिले जाते, आणि वनखात्याचा माणूस तपासणीला आला की आधी हे रजिस्टर आणि मग आवारातली थप्पी यांचा मेळ घालून पाहतो. त्याच आवारात हा ओंडका पहारीने ढकलत ट्रॉलीवर चढवणाऱ्या चार माणसांची नावे मात्र कित्येकदा एकाही कागदावर सापडत नाहीत.

विदर्भातल्या आरागिरण्या, फर्निचरचे कारखाने आणि लाकडाच्या वखारी यांची कामगार कायद्यांची कागदपत्रे सांभाळणे हा माझा व्यवसाय आहे. हजेरीपट, पगारपत्रक, ई.एस.आय. (कर्मचारी राज्य विमा) आणि भविष्यनिर्वाह निधीचे भरणे, आणि अपघात झालाच तर त्यानंतरची धावपळ, हे माझे रोजचे काम. मालक लोक मला ‘कागदवाले’ म्हणून ओळखतात आणि त्यात मला काही कमीपणा वाटत नाही, कारण माणसाचे बोट गेल्यानंतर त्याच्या हातात काय पडणार हे बऱ्याच अंशी त्या कागदावरच ठरते. हा धंदा आतून पाहताना माझे एक मत पक्के होत गेले आहे, आणि आज ते सविस्तर मांडायचे आहे. लाकूड व्यवसायात कायद्याची कमतरता नाही. लाकडाच्या कायद्याला जो धाक आहे तो माणसाच्या कायद्याला नाही, आणि हे दोन कायदे एकाच आवारात वर्षानुवर्षे एकमेकांची ओळखदेख नसल्यासारखे नांदतात.

लाकडाच्या कायद्याला धाक आला त्याचे कारण सर्वांना माहीत आहे. टी. एन. गोदावर्मन यांच्या जंगलतोडीविरुद्धच्या याचिकेवर १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जो अंतरिम आदेश दिला, त्याने देशभरातल्या विनापरवाना आरागिरण्यांचे धाबे दणाणले. पुढे २००२ साली नव्या आरागिरण्या, व्हीनियर आणि प्लायवूडचे कारखाने यांना परवानगी देण्याच्या राज्यांच्या अधिकारावरही बंधन आले. २०१६ साली केंद्राने मार्गदर्शक तत्त्वे काढून राज्यस्तरीय समित्यांकडे हा विषय सोपवला, पण तोवर जुना परवाना ही घराण्याची इस्टेट होऊन बसली होती. परवान्यात यंत्रांची संख्या आणि प्रकार लिहिलेले असतात, त्यामुळे एक जादा आडवा आरा बसवण्याची हिंमतही कुणी सहसा करत नाही. परवाना गेला तर परत मिळणार नाही ही भीती इतकी खरी आहे की, ज्या मालकाला आपल्याकडे किती माणसे कामाला आहेत हे विचारले असता ‘असतील आठ-दहा’ असे उत्तर सुचते, तोच मालक शिल्लक मालाचा आकडा दशांश चिन्हापर्यंत तोंडपाठ सांगतो.

आता यंत्राकडे वळतो, कारण या व्यवसायातले अनुपालन म्हणजे काय ते खऱ्या अर्थाने तिथेच दिसते. मोठा ओंडका चिरायला उभा बँडसॉ, म्हणजे पट्ट्याचा आरा, असतो. त्याच्या पट्ट्याची भीती सगळ्यांना वाटते, म्हणून तिथे माणूस जपून वागतो. अधिक घात होतो तो गोल आऱ्यावर, जिथे चिरलेल्या फळ्यांच्या पट्ट्या पाडतात, चौकटीचे तुकडे करतात आणि खोक्यासाठी बारीक माल काढतात. टेबलाच्या फटीतून वर आलेल्या चकतीच्या दातांचा वेग सेकंदाला चाळीस-पन्नास मीटर असतो. फळी पुढे सरकत असताना चिरलेल्या भागातला ताण सुटतो, फट मागच्या बाजूने मिटू लागते, लाकूड चकतीला आवळते आणि वर येणारे मागचे दात ती फळी उचलून थेट कारागिराच्या अंगावर फेकतात. यालाच गिरणीत ‘फळी मारली’ म्हणतात. फळी मारली की दोन गोष्टी होतात: ती पोटात किंवा छातीत बसते, किंवा तिला रेटणारा हात आधार एकाएकी नाहीसा झाल्याने चकतीवर जातो.

हे टाळण्याचा उपाय शंभर वर्षांहून जुना आहे आणि स्वस्त आहे. चकतीच्या अगदी मागे, तिच्याच रेषेत, पोलादाची एक वाकडी पाती उभी बसवायची, म्हणजे चिरलेली फट मिटत नाही. इंग्रजीत तिला रायव्हिंग नाइफ म्हणतात. आमच्याकडच्या मिस्त्रींमध्ये काहीजण ‘फाडणी’ म्हणतात आणि पुष्कळांना ती काय असते हेच माहीत नसते. चकतीच्या वर टोपी, टेबलाखालच्या भागाला दोन्ही बाजूंनी पत्रा, शेवटचा वीतभर माल हाताने न रेटता खाचेच्या काठीने रेटणे, यंत्रापाशी उभ्या माणसाच्या हाताला लागेल असे बंद करायचे बटण, आणि पायाखाली भुसा-ढलप्या नसलेली सपाट जमीन. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम २१ ने यंत्राचा प्रत्येक धोकादायक भाग भक्कमपणे झाकलेला असावा आणि यंत्र चालू असताना ते झाकण जागेवरच असावे असे सांगितले, आणि त्याखालच्या राज्याच्या नियमांत लाकूडकामाच्या यंत्रांसाठी स्वतंत्र परिशिष्ट दिले. पुरेसे शिक्षण न दिलेल्या माणसाला अशा यंत्रावर उभे करू नये, हेही त्याच नियमांत आहे. म्हणजे काय करायचे याविषयी कायद्याच्या मनात कुठलाही गोंधळ नव्हता.

प्रत्यक्षात टोपी कुठे असते? बहुतेक ठिकाणी ती यंत्राबरोबर आलेली असते आणि मागच्या भिंतीला टांगलेली असते. एका गिरणीत मी ती रंगाच्या डब्यांवर झाकण म्हणून ठेवलेली पाहिली. मिस्त्रीला विचारले तर तो म्हणतो की टोपीमुळे खूण दिसत नाही, जाड माल खालून जात नाही, आणि दर तासाला ती काढ-घाल करायची तर दिवसाचा माल निघणार कसा. हे उत्तर त्याच्या बाजूने पाहिले तर चुकीचे नाही, कारण त्याची मजुरी घनफुटावर आहे. उक्ते काम आणि सुरक्षेचे झाकण यांचे वैर मूळचेच आहे. झाकण हाताळण्यात गेलेला वेळ माणसाच्या खिशातून जातो आणि न हाताळल्याने वाचलेला वेळ मालकाच्या मालात जमा होतो. म्हणून नुसते ‘कामगारच ऐकत नाहीत’ असे म्हणणाऱ्या मालकाला मी नेहमी सांगतो की, गोल आऱ्यावरच्या माणसाला रोजंदारी द्या आणि मग त्याला टोपी घालायला सांगा. ज्या थोड्या गिरण्यांनी हे केले तिथे टोपी भिंतीवरून यंत्रावर आली. माल थोडा कमी निघतो, पण ओरड झालेली मी ऐकलेली नाही.

बोट गेल्यावर काय होते, ते आता आकड्यांत सांगतो, कारण या आकड्यांची कल्पना ना मालकांना असते ना कामगारांना. कर्मचारी नुकसानभरपाईच्या १९२३ सालच्या कायद्याला जोडलेल्या पहिल्या अनुसूचीत शरीराच्या अवयवांचा तक्ता होता, तोच आता सामाजिक सुरक्षा संहितेत आला आहे. संपूर्ण अंगठा गेला तर कमाईच्या क्षमतेत ३० टक्के घट धरतात, तर्जनी पूर्ण गेली तर १४, मधले बोट गेले तर १२, अनामिका किंवा करंगळी गेली तर ७. एका हाताची चारही बोटे गेली तर ५०. तर्जनीचे एक पेर गेले तर ९, आणि हाड शाबूत राहून नुसता शेंडा उडाला तर ५. हा तक्ता पहिल्यांदा वाचणाऱ्याच्या अंगावर काटा येतो; पण तो ज्या काळात आला त्या काळात अशी निश्चित मोजणी हीच मोठी सोय होती, कारण तोवर कामगाराला मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करत बसावे लागे. या कायद्याने चूक कुणाची हा प्रश्न बऱ्याच अंशी बाजूला ठेवला.

समजा, अपघाताच्या वेळी कामगाराचे वय ३५ आहे. त्या वयाचा गुणक, म्हणजे वयानुसार कायद्याने ठरवून दिलेला आकडा, १९७.०६ आहे. २०२० पासून हिशेबासाठी मासिक वेतनाची कमाल मर्यादा १५,००० रुपये आहे, तेव्हा तेवढे वेतन धरू. त्याचे ६० टक्के म्हणजे ९,०००. गुणकाने गुणले की १७,७३,५४० रुपये, आणि तर्जनीचे १४ टक्के म्हणजे २,४८,२९६ रुपये. आता हजेरीपटाचे महत्त्व पाहा. अनेक गिरण्यांत किमान वेतनाचा दर कागदावर बरोबर लावलेला असतो, पण महिन्याला सव्वीस दिवस राबलेल्या माणसाची हजेरी अठरा दिवस दाखवलेली असते, म्हणजे वेतन आपोआप कमी दिसते आणि भविष्यनिर्वाह निधीचा हप्ताही कमी बसतो. अशा माणसाचे मासिक वेतन १५,००० ऐवजी कागदावर सुमारे १०,३८५ निघते, आणि त्याच बोटाचे सुमारे १,७१,९०० रुपये होतात. हजेरीपटातल्या त्या आठ रिकाम्या चौकटींची किंमत जवळपास पाऊण लाख रुपये. मालकाने हे भरपाई बुडवण्यासाठी केलेले असते असे मी म्हणणार नाही. महिन्याचे पाचशे-सहाशे रुपये वाचवण्यासाठी केलेले असते, आणि त्याचा असाही उपयोग होतो हे त्याला अपघातानंतर त्याचा वकील सांगतो.

दहा किंवा अधिक माणसे असलेल्या गिरणीला ई.एस.आय. लागू असेल तर वाट वेगळी आहे. तिथे एकरकमी भरपाईऐवजी पेन्शनसारखी आयुष्यभराची रक्कम मिळते, उपचार मिळतात आणि मालकावरची भरपाईची जबाबदारी ई.एस.आय. महामंडळ उचलते. २०१९ च्या जुलैपासून मालकाचा हिस्सा ३.२५ टक्के आणि कामगाराचा ०.७५ टक्के आहे. १५,००० पगारावर दोघांचे मिळून महिन्याला ६०० रुपये. इतक्या स्वस्तात इतके मोठे संकट टळत असताना लोक नोंदणी का टाळतात, हे कोडे मला अजून सुटलेले नाही. एक कारण असे की, एकदा दहा जणांची नोंद झाली की ‘तुमच्याकडे इतकी माणसे आहेत’ हे शासनाला कळते, आणि मग बाकीचे सगळे कायदे दारात येतील ही धास्ती. दुसरे कारण असे की, माणसे टिकत नाहीत. बिहार-उत्तर प्रदेशातून आलेला कारागीर दिवाळीला गावी जातो तो परत येईलच असे नाही, आणि त्याच्या आधार कार्डावरचा पत्ता, बँकेतले नाव, वारसाचा तपशील हे जुळवत बसण्यापेक्षा रोख पैसे देणे दोघांनाही सोपे वाटते. सोपे असते खरे, अपघाताच्या दिवसापर्यंत.

भरपाईच्या कायद्यात एक पोटकलम आहे ज्याचा आमच्या व्यवसायाशी फार जवळचा संबंध आहे, आणि त्याविषयी थोडे थांबून बोलायला हवे. मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आलेले नसेल, आणि कामगाराने सुरक्षेसाठी बसवलेले झाकण जाणूनबुजून काढल्यामुळे किंवा धुडकावल्यामुळेच अपघात झाला असेल, तर मालकावर भरपाईची जबाबदारी येत नाही. आता गोल आऱ्यावर गेलेले बोट हे मृत्यूही नाही आणि पूर्ण अपंगत्वही नाही. म्हणजे ज्या अपघातांची या धंद्यात सर्वाधिक शक्यता, नेमके तेच या अपवादाच्या तोंडी येतात. सुनावणीत पहिला प्रश्न हाच निघतो की टोपी कुणी काढली. ती भिंतीवर कित्येक महिने टांगलेली होती हे आवारातल्या प्रत्येकाला माहीत असते, पण साक्षीला उभे राहणारे सगळे त्याच मालकाकडे उद्याही कामाला जाणार असतात. कायदा सुरक्षेसाठी ‘पुरवलेले’ झाकण म्हणतो; भिंतीवर टांगलेले झाकण त्यात बसते असे मला वाटत नाही. मालकाच्या संमतीने रोज झाकणाशिवाय काम चालत असेल तर हा बचाव टिकायला नको. तरीही तडजोडीच्या टेबलावर याच पोटकलमाची भीती घालून अडीच लाखांचा हक्क तीस-चाळीस हजार रोख आणि गावी जायच्या तिकिटावर मिटलेला मी पाहिला आहे. अशी तडजोड भरपाई ठरवणाऱ्या अधिकाऱ्याकडे नोंदवलेली नसेल तर तिला फारशी किंमत नाही, आणि मागणी करायला अपघातापासून दोन वर्षांची मुदत असते, एवढे तरी प्रत्येक कारागिराला माहीत असावे.

याच्या उलट बाजूचे एक उदाहरण मला नेहमी आठवते. ओडिशात एका चित्रपटगृहात नक्षीकाम करणारा सुतार १९६८ साली पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. अनुसूचीप्रमाणे ही दुखापत अंशतः अपंगत्वात मोडत होती. सर्वोच्च न्यायालयाने १९७५ च्या डिसेंबरात निकाल देताना तक्त्याच्या पलीकडे पाहिले: एका हाताने सुतारकाम होत नाही, तेव्हा त्याच्यापुरते हे अपंगत्व पूर्णच आहे. भरपाई अपघाताच्या दिवसापासूनच देय होते, भरपाई आयुक्तांनी आकडा ठरवल्याच्या दिवसापासून नव्हे, हेही त्याच निकालात ठरले. महिन्याभरात पैसे दिले नाहीत तर १२ टक्के व्याज आणि कारण समाधानकारक नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड कायद्यात आहेच. करंगळी गमावलेल्या मिस्त्रीला हा निकाल जसाच्या तसा लागू होणार नाही, पण तक्ता हा शेवटचा शब्द नाही आणि माणूस कुठले काम करत होता हे पाहावे लागते, इतके त्यातून निघते.

माणसे किती असली म्हणजे कायदा लागतो, हा या धंद्यातला सर्वांत चर्चेचा प्रश्न आहे. मूळ कारखाने अधिनियमात विजेवर चालणाऱ्या ठिकाणी दहा माणसांची अट होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कामगार कायद्यांची जागा घेणाऱ्या चारही श्रम संहिता लागू झाल्या आणि सुरक्षेच्या संहितेत ‘कारखाना’ म्हणवून घेण्यासाठी विजेसह वीस आणि विजेशिवाय चाळीस अशी मर्यादा आहे. महाराष्ट्रातल्या बहुसंख्य आरागिरण्यांत वीस माणसे नसतातच. म्हणजे ‘कारखाना’ या शब्दातून त्या सरळ बाहेर पडतात. मालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर याचा आनंदही साजरा झाला. पण तो आनंद अर्धवट वाचनाचा आहे. त्याच संहितेत दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेवर मालकाची सर्वसाधारण कर्तव्ये आहेत: कामाची जागा धोक्यांपासून मुक्त ठेवणे, प्रत्येकाला नेमणुकीचे पत्र देणे, ठरवून दिलेल्या कामगारांची वर्षाला मोफत आरोग्य तपासणी करणे. आणि अपघाताच्या भरपाईला तर माणसे मोजण्याची अटच नाही. विजेवर चालणारे उत्पादनाचे काम जिथे होते तिथे दोन माणसांच्या गिरणीतल्या दुसऱ्या माणसालाही ती मागता येते. हे ऐकल्यावर आपल्याला कुठलाच कायदा लागत नाही असे समजून निवांत बसलेल्या मालकांचे चेहरे पाहण्यासारखे होतात.

नेमणुकीच्या पत्राविषयी मला विशेष आशा आहे. ते एक पानाचे असते. त्यात नाव, काम, पगार आणि तारीख असते. परंतु ज्या माणसाला आपण इथे कामाला होतो हेच सिद्ध करता येत नाही, त्याच्यासाठी ते एक पान बाकीच्या सगळ्या कलमांपेक्षा मोलाचे आहे. अर्थात दहाच्या आतल्या गिरण्या इथेही सुटतात, आणि माझ्या मते या संहितेतली सर्वांत मोठी फट तीच आहे. चकतीला आपल्यासमोर किती माणसे उभी आहेत ते कळत नाही.

कामाच्या तासांबद्दल इतकेच म्हणतो की, २०२५ च्या सप्टेंबरात महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतली दिवसाची मर्यादा नऊवरून बारा तासांपर्यंत नेण्यास मान्यता दिली, तेव्हा त्या निर्णयाच्या बाजूने बोलणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा वातानुकूलित असेम्ब्ली लाइन असावी. गोल आऱ्यापुढे अकराव्या तासाला उभा असलेला माणूस त्यांनी पाहिलेला नसावा.

चढ-उतार करणाऱ्यांची गोष्ट मात्र महाराष्ट्रात वेगळी आहे आणि तिचा अभिमान वाटावा अशी आहे. अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीतून १९६९ साली माथाडी कायदा आला आणि त्याखाली मुंबईत खोका मेकिंग व टिंबर मार्केट यांच्यासाठी स्वतंत्र मंडळ झाले. मालकाने मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही, म्हणजे टक्केवारीने ठरलेली जादा रक्कम, मंडळाकडे भरायची, मंडळाने कामगाराला पगार, भविष्यनिर्वाह निधी, बोनस, रजा द्यायची; माणूस एका मालकाचा नसला तरी त्याचा हिशेब एका ठिकाणी राहतो. देशात अन्यत्र लाकडाच्या बाजारात पाठीवर फळ्या वाहणाऱ्याला असे काही क्वचितच मिळाले. या मंडळांच्या कारभारावर टीका पुष्कळ होते, काही ठिकाणी माथाडीच्या नावाखाली खंडणीखोरी चालते हेही नाकारता येत नाही. तरीसुद्धा मोठ्या बाजारातल्या हमालाचा हिशेब राहतो आणि तालुक्याच्या गिरणीतल्या हमालाचा राहत नाही, यातला फरक त्या एका कायद्याचा आणि तो राबवणाऱ्या संघटनेचा आहे.

जंगलातल्या तोडीच्या मजुरीचा इतिहासही हेच सांगतो. ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांनी १९४५ पासून वेठबिगारीविरुद्ध जो लढा दिला, त्यात १९४६ साली जंगलातल्या कामावर बहिष्कार टाकून लाकूड ठेकेदारांकडून दिवसाला सव्वा रुपया मजुरी मान्य करून घेतली गेली. त्याच काळात बाळासाहेब खेरांच्या सरकारने ठेकेदारांना पर्याय म्हणून जंगल कामगार सहकारी संस्थांची कल्पना उचलून धरली. तोड आदिवासी सभासदांनीच करायची आणि नफाही त्यांनाच. पुढे या संस्थांतल्या काहींमध्ये जुनेच ठेकेदार मागच्या दाराने शिरले, तोडही आटली, आणि आज त्यांतल्या कित्येक कागदापुरत्या उरल्या आहेत. पण मजुरीचा दर ठरवताना मजूर स्वतः टेबलाच्या एका बाजूला बसला, हे लाकडाच्या व्यवसायात फार थोड्या वेळा घडले आहे आणि ते आपल्याकडे घडले आहे.

जे दिसत नाही त्याविषयीही लिहिले पाहिजे: भुसा. कठीण लाकडाच्या बारीक धुळीचा आणि नाकाच्या आतल्या कर्करोगाचा संबंध १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये हाय विकम परिसरातल्या फर्निचर कारागिरांत लक्षात आला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाची धूळ पहिल्या गटात, म्हणजे माणसात निश्चित कर्करोगकारक ठरलेल्या पदार्थांत टाकली. युरोपीय संघात कठीण लाकडाच्या धुळीची मर्यादा आता हवेच्या घनमीटरला २ मिलिग्रॅम आहे. आमच्याकडे सागवानाच्या सॅन्डिंग यंत्रापाशी उभा असलेला पोरगा नाकाला रुमाल बांधतो आणि संध्याकाळी गुळाचा खडा खातो. गूळ खाल्ल्याने छातीतली धूळ निघते अशी समजूत सगळ्या गिरण्यांत आहे, आणि मालक तो गूळ आवर्जून पुरवतात. त्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. भुसा पोत्यात भरायला येणाऱ्या बायका तर पोत्यामागे पैसे घेतात, त्यांचे नाव कुठल्याच हजेरीपटावर नसते. वीस वर्षांनी त्यांतल्या एखादीला दमा किंवा त्याहून वाईट काही झाले, तर ती या गिरणीत कधी आली होती हे सिद्ध करणारा कागद जगात नसेल.

आगीचा उल्लेख न करता पुढे जाणे बरोबर नाही. २०२३ च्या मे महिन्यात पुण्याच्या टिंबर मार्केटमध्ये पहाटे लागलेल्या आगीची छायाचित्रे अनेकांना आठवत असतील. बाहेरगावचे कारागीर रात्री गिरणीतच, माळ्यावर किंवा थप्पीच्या आडोशाला झोपतात, आणि दाराला बाहेरून कुलूप लावण्याची पद्धत काही ठिकाणी अजून आहे, कारण माल चोरीला जातो. मी ज्या मालकांचे काम पाहतो त्यांना याबाबतीत सवलत देत नाही. कुलूप आतून, किल्ली झोपणाऱ्याकडे, नाहीतर दुसरा सल्लागार शोधा.

आता उपायाकडे. कामगार खात्याकडे मनुष्यबळ अपुरे आहे, तपासण्या संगणकाने निवडलेल्या आस्थापनांतच व्हायच्या, आणि निरीक्षकाचे नावही आता ‘इन्स्पेक्टर-कम-फॅसिलिटेटर’ झाले आहे. तेव्हा तालुक्याच्या गावातल्या आठ माणसांच्या आरागिरणीत तो कधी पोचेल याची वाट पाहण्यात अर्थ नाही. पण त्या गिरणीत वनखात्याचा माणूस आजही जातो. परवान्याचे नूतनीकरण त्याच्याच अहवालावर होते, आणि मालकाला खरी भीती वाटते ती त्या एकाच कागदाची. मग नूतनीकरणाच्या अर्जासोबत तीन गोष्टी मागायला काय हरकत आहे: कामावरच्या सर्व माणसांची नावे आणि नेमणूकपत्रांच्या प्रती, ई.एस.आय.चा भरणा किंवा तो लागू नसेल तर अपघात भरपाईची चालू विमा पॉलिसी, आणि प्रत्येक गोल आऱ्याचा टोपी व मागची पाती बसवलेल्या स्थितीतला फोटो. लहान गिरणीच्या मालकाला याचा खर्च एखाद्या मध्यम ओंडक्याच्या किमतीपेक्षा जास्त येणार नाही.

हे मी एका बैठकीत मांडले तेव्हा दोन आक्षेप आले. पहिला असा की, वनरक्षकाला यंत्राच्या सुरक्षेतले काय कळते. त्याला उत्तर असे की, परवान्यावरचे यंत्र आणि जागेवरचे यंत्र एकच आहे ना हे पाहण्यासाठी तो आजही प्रत्येक आऱ्यापाशी जाऊन उभा राहतो, त्याचा प्रकार आणि चकतीचा आकार लिहून घेतो. चकतीच्या वर टोपी आहे की नाही हे दिसायला त्याहून वेगळी नजर लागत नाही. दुसरा आक्षेप एका ज्येष्ठ मालकाचा होता आणि तो अधिक प्रामाणिक होता: ‘आधीच एका खात्याला सांभाळतो, तुम्ही दुसऱ्याच्या हातात आणखी एक काठी देता.’ या भीतीत तथ्य आहे. म्हणूनच या तीन गोष्टींची तपासणी अधिकाऱ्याच्या मर्जीवर न ठेवता ऑनलाइन अर्जातच बंधनकारक जोडपत्र म्हणून असावी, जोडपत्र नसेल तर अर्ज पुढे सरकू नये आणि असेल तर त्यावर कुणाची सहीही लागू नये, असे मी त्यांना म्हटले. त्यावर त्यांनी विचारले की टोपीचा फोटो काढून झाल्यावर ती पुन्हा भिंतीवर गेली तर काय करणार. जाईल, काही ठिकाणी नक्कीच जाईल. पण मग अपघातानंतरच्या सुनावणीत टोपी कधी बसवलीच नव्हती असे कुणाला म्हणता येणार नाही, ती कामगाराने काढली की घनफुटाच्या दराने काढायला लावली हा प्रश्न मालकाला विचारता येईल, आणि अर्जासोबतच्या यादीत त्या कामगाराचे नाव असेल.